पास्त्याचा सॉस आणि पुलाचं काम

६ मार्च

हे जाणार! दोन वर्षांसाठी!

दुपारी ह्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता म्हणे. नदीच्या मुखाशी नवा पूल बांधतायत, तिथली काँक्रीटची तपासणी ह्यांनी सांभाळावी असं त्यांच्या मनात आहे. राहायला खोली, न्यायला-आणायला गाडी. निवृत्त होऊन महिना होतोय तोवर बोलावणं! मी चष्म्याच्या दुकानातून काम संपवून घरी आले, चपला काढायच्या आत ह्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "मग जा की." हे म्हणाले, "बघतो. एप्रिलअखेरपर्यंत कळवायचंय."

बघायचंय काय त्यात? माणसाचा जन्म गेला ओल्या काँक्रीटमध्ये. घरात बसून करणार काय? या एका महिन्यात काय काय केलंय ते लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे आठवण आलीच तर वाचायला बरं. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले — त्यामुळे मीठ आता कपड्यांच्या पावडरीशेजारी, कारण दोन्ही डबे सारखे. शेगडीवर पातळी बघायची नळी ठेवली आणि शेगडी डावीकडे कललीय असं जाहीर केलं. मी चहा ओतत होते तर मागे उभं राहून म्हणाले, "ओतताना उंची कमी ठेव. माल वेगळा होतो." चहा!

दोन वर्षं स्वयंपाकघर माझं, रविवार माझा. देव पावला.

८ मार्च

ह्यांना सॉस करायचाय. पास्त्यावर घालतात तो इटालियन खिम्याचा सॉस. निरोपाच्या जेवणात हॉटेलात खाल्ला होता. मी तेव्हा "बरा आहे" म्हणून हात धुतले होते, हे मात्र उठून आत गेले आणि आचाऱ्याला सगळं विचारून आले. टॅक्सीत घरापर्यंत तेच. कांदा, गाजर, सेलरी बारीक. मग खिमा. मग वाइन, दूध, नावापुरता टोमॅटो. मग चार तास मंद आच. "चार तास," हे सारखे म्हणत होते. "म्हणजे स्वयंपाक नव्हेच गं तो, काम आहे ते."

आयुष्यात एकदा अंडं उकडलंय ह्यांनी. पाणी घालायला विसरले होते.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "करू दे ना बाबांना. जायच्या आधी हौस होऊन जाईल." बरं, करा म्हटलं. दीड महिन्याचा तर प्रश्न.

११ मार्च

ह्यांच्याबरोबर खाटकाकडे गेले नसते तर बरं झालं असतं. हे विचारतात, "दाणा किती येतो तुमचा?" खाटकाला काही कळेना. मग ह्यांनी खिमा चिमटीत घेऊन वाळू बघतात तसा बोटांवर चोळून बघितला. म्हणाले, सगळा एकाच जाडीचा नको, निम्मा जाड, निम्मा बारीक, म्हणजे मधल्या फटी भरतात. मागे रांग! खाटकानं बिचाऱ्यानं दोनदा यंत्र उघडून जाळी बदलून दिली. पैसे देताना हळूच मला विचारलं, "बाई, साहेब कसले डॉक्टर आहेत?"

मी म्हटलं, "पुलांचे."

१२ मार्च, रविवार

झाला सॉस. लिहायला बसलेय खरी, पण हसू आवरत नाही आणि पोटात आमलेट-ब्रेडखेरीज काही नाही.

सकाळपासून कांदा चिरणं चालू. सगळे तुकडे एका मापाचे हवेत म्हणून शेजारी पट्टी ठेवलेली. डोळ्यांना साइटवरचा बंद चष्मा लावला होता, त्यामुळे एक थेंब पाणी आलं नाही. मी चष्म्याच्या दुकानात केस पांढरे केले आणि आजवर रडत कांदा चिरला. याचा जरा रागच आला.

पुढचंही बरं चाललं होतं. चरबी वितळली, भाज्या मऊ झाल्या, खिमा तांबूस झाला, वाइन घातल्यावर तर घरभर इतका छान वास! दूध गेलं, टोमॅटो गेला, आच मंद झाली. तासाभरानं बघते तर रस आटत चाललेला. म्हटलं, "अहो, थोडं पाणी घाला." हे असे दचकले की जणू मी विष घाला म्हणाले. "एकदा मिश्रण ठरलं की वरून पाणी घालायचं नसतं. पाणी घालूनच पूल पडतात."

मी म्हटलं, "हा पूल नाही."

"सगळे असंच म्हणतात."

नाही घातलं पाणी. दुपारी पातेलं उलटं केलं तर काही पडलं नाही. खिमा आपला जागच्या जागी. हे जवळ गेले, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितलं, आणि चेहरा इतका समाधानी की काय सांगू! म्हणाले, "ताकद मात्र चांगली आलीय."

आमलेट-ब्रेड खाल्लं.

१३ मार्च

पातेलं भिजत घातलंय.

१५ मार्च

पातेलं अजून भिजतंय. हे म्हणतात छिन्नी आणू का.

१९ मार्च, रविवार

पाण्याबद्दल तह झाला. लेकीनं फोनवर समजावलं, "बाबा, आचारी सॉस आटला की थोडं थोडं पाणी घालतच असतात." हे म्हणाले, "आचाऱ्यानं मला हे सांगितलं नाही." आता पाणी घालायचं, पण मोजून, आणि दर वेळी तपासणी करायची!

ती तपासणी अशी. कागदी पेल्याचं बूड कापलं. तो ओट्यावर उपडा ठेवून त्यात सॉस भरला, माझ्या विणायच्या सुईनं ठासला, आणि पेला हळूच वर उचलला. मागे राहिलेला ढीग किती खाली बसतो ते पट्टीनं मोजलं. ओलं काँक्रीट असंच तपासतात म्हणे. जास्त बसलं तर पातळ, कमी बसलं तर घट्ट.

"पाच सेंटिमीटर," हे म्हणाले.

"मग चांगला की वाईट?"

"ते अजून ठरायचंय."

ओट्यावर एकापुढे एक खिम्याचे ढीग. मी चमचा घेऊन पुढे झाले तर हात आडवा! "तपासणीचा माल वापरत नसतात." म्हणजे अर्धा सॉस केराच्या डब्यात? तिथे माझं डोकं फिरलं. बोलले, बरंच बोलले. शेवटी हे म्हणाले, बरं, तपासणीचा माल वेगळ्या वाटीत ठेवू, मी खाईन. खाल्लाही, उभ्यानंच.

उरलेला पास्त्यावर घातला. वाईट नव्हता. मी म्हटलं, "बरा आहे."

हे म्हणाले, "बरा म्हणजे किती?"

२३ मार्च

आज मेले मी!

दुकानाची मालकीण घरी आली. नव्या फ्रेमांचा नमुना दाखवायचा होता. बाई कडक, दुकानात आमच्या हसण्यावरसुद्धा तिचं लक्ष. उकाडा म्हणून मी थंड कॉफी केली. उन्हाळ्यात मी कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते, म्हणजे पेल्यात घातली की पाणचट होत नाही. दोन पेल्यांत तीन-तीन खडे घातले. ती फ्रेमांबद्दल बोलतेय, हळूहळू पितेय. मध्येच थांबली. पुन्हा एक घोट घेतला. मग म्हणाली, "वेगळीच आहे गं चव. गाजर घालतेस का?"

मी माझा पेला तोंडाला लावला. खिमा! ह्यांनी रविवारच्या सॉसचे नमुने माझ्या साच्यात गोठवले होते. वर तरंगणारी चरबी मला साय वाटली होती.

काय करू? म्हटलं, "हो, थोडं घालते." तिनं सगळा पेला संपवला. मला माझा संपवावा लागला.

ती गेल्यावर ह्यांना झापायला गेले तर हेच उसळले. "अगं, सात दिवसांनी तपासायचा नमुना होता तो. आता रविवारी ताजा कशाशी ताडून बघू?" एप्रिलअखेर कधी येते असं झालंय.

२५ मार्च

माळ्यावरून मोठी बॅग काढून बाहेरच्या खोलीत ठेवली. ह्यांच्यासाठी वारा-पावसाचं जाकीट आणलं, नदीच्या मुखाशी वारा फार असतो म्हणे. हे म्हणाले, "बाह्या लांब आहेत." घालून बघितलंसुद्धा नव्हतं.

२६ मार्च, रविवार

आज पातेलं झाकलं ओल्या टॉवेलनं. माझ्या आंघोळीच्या! "काँक्रीट ओलं ठेवलं तरच मुरतं," म्हणे. वर आज खायचं नाही, उद्या खायचं. आज पुन्हा आमलेट. मात्र वाइनची बाटली उघडी होती, टाकवेना, म्हणून दोघांनी ती संपवली. हे सांगत बसले, नोकरीच्या पहिल्या वर्षी एका भिंतीचा नमुना ह्यांच्या हातून हरवला तेव्हा साहेबांना काय थाप मारली ते. इतकं हसले मी की खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकली गेली.

२७ मार्च

कालचा सॉस आज कितीतरी चांगला लागला. रस, खिमा, सगळं एकजीव झालं होतं. ह्यांचं बरोबर होतं. हे इथेच लिहिते, त्यांना सांगणार नाही.

टॉवेलला वास मात्र कायमचा. आंघोळ करून आलं की भूक लागते.

२ एप्रिल, रविवार

आजचं कसं लिहू कळत नाही.

जेवायला बसलो. नेहमीसारखं मी ह्यांना वाढलं, मग माझ्या ताटलीत घेतलं. एक घास खाल्ला आणि म्हटलं, "बरा आहे." हे माझ्या ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी चार रविवार बघतोय. तू सगळ्यांना वाढून मग स्वतःला घेतेस. तुझ्याकडे कायम तळाचं येतं."

मी म्हटलं, "मग? वाया घालवू?"

"तळाचा माल वेगळा असतो. जड खाली बसतं, करपलेलं खाली बसतं. तू 'बरा आहे' म्हणतेस ते तळाच्या मालावर म्हणतेस. असा नमुना धरता येत नाही."

असं म्हणून माझी ताटली उचलली, त्यातला सॉस पातेल्यात परत घातला, बुडापासून नीट ढवळला, आणि मधला डाव भरून मला आधी वाढलं. मग स्वतःला. "आता सांग."

लग्न झाल्यापासून मी तळाचं खातेय. लेक लहान होती तेव्हाही, आता दोघंच आहोत तरी. कुणी कधी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "चांगला झालाय," म्हटलं, पण आवाज नीट निघाला नाही. हे काळजीनं म्हणाले, "मिरी जास्त झाली का?"

मी म्हटलं, "हो."

४ एप्रिल

ती बॅग बाहेरच्या खोलीत जाता-येता पायात येते. माळ्यावर ठेवून द्यावी तर हे विचारतील, का ठेवलीस. म्हणून पडू दे.

८ एप्रिल

हे दोन दिवस बहिणीकडे गेलेत, तिच्या गच्चीला भेगा पडल्यात त्या बघायला. घर माझं! रेडिओ लावला. डबे मला हवे तसे लावले. संध्याकाळी मुद्दाम हात उंच करून चहा ओतला. कुणी काही बोललं नाही.

आमलेट केलं, उभ्यानंच खाल्लं. रेडिओ बंद केला. दोन वर्षं अशीच जायची असतील तर मला नकोत. हवं ते मिळालं की माणसाला नकोसं होतं म्हणतात, तशातली गत. पण आता कुठल्या तोंडानं सांगू? ह्यांच्या चपला निघायच्या आत — नाही, माझ्याच चपला निघायच्या आत "जा की" म्हणून मोकळी झाले होते.

९ एप्रिल

डबे पुन्हा उंचीप्रमाणे लावून ठेवले. ह्यांना आल्यावर कळायला नको.

१४ एप्रिल

लेकीचा फोन. "आई, तू सरळ सांग ना त्यांना, जाऊ नका म्हणून."

मी म्हटलं, "मी का सांगू? एवढा मान देऊन बोलावलंय त्यांना. उद्या म्हणतील, बायकोनं अडवलं."

"बाबा असं म्हणतील?"

"नाही म्हणणार. पण मनात येईल."

"मग तू त्यांनी आपणहून न जायची वाट बघत बसणार?"

हो, बसणार. तिला काय जातंय बोलायला! ह्यांनीही गेल्या कित्येक दिवसांत पुलाचं नाव काढलेलं नाही. विचारलं की "बघतो." मग मी म्हणते, "बघा." आणि दोघं पातेल्यात बघतो.

१६ एप्रिल, रविवार

आडून सुचवून बघितलं. काल बाजारातून जाड बुडाचं मोठं पातेलं आणलं, चांगलं महागातलं. आज पुढे ठेवलं. ह्यांनी बूड वाजवून बघितलं, कड तपासली, खूश झाले. मग म्हणाले, "पण दोघांना एवढं मोठं कशाला?"

आता म्हणायचं, आता! मी म्हणाले काय, तर, "सेल होता."

ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर मी भांडं घेऊनच गेले आणि ताक मागायला विसरले. लेकीला सांगितलं तर ती इतका वेळ हसत होती की मी फोन ठेवला.

२३ एप्रिल, रविवार

आज पुन्हा प्रयत्न. हे कांदा चिरत होते, डोळ्यांवर तो बंद चष्मा. मी म्हटलं, "तिकडे सेलरी मिळते का हो, पुलापाशी?"

"कुणास ठाऊक."

"विचारून घ्या. नाही मिळाली तर सॉस कसा होणार?"

हे थांबले. चष्म्यातून बघतायत की नाही कळत नव्हतं, काच ओली होती. मग म्हणाले, "तसं बघितलं तर सेलरी नसली तरी चालतं म्हणे."

चालतं! म्हणजे तयारी झाली ह्यांची. दिवसभर माझा कशावरून तरी संताप. भाजी आणणाऱ्या पोऱ्यावर ओरडले, मग वाईट वाटलं.

सॉस इतका सुंदर झाला होता की राग टिकवणं अवघड गेलं. आता पट्टी, पेला काही लागत नाही. हे नुसता चमचा उचलतात, सॉस कसा घसरतो ते बघतात आणि गॅस बंद करतात.

२७ एप्रिल

दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांना जवळचा चष्मा देत होते. लावून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, दिवसभर फ्रेमा पुसून डोळे चुरचुरतात.

तीन दिवस राहिलेत.

३० एप्रिल, रविवार

सांगितलं.

जेवताना सांगायचं ठरवलं होतं, पण धीर धरवला नाही. हे पास्त्याचं पाणी काढत होते, वाफेत तोंड. मी म्हटलं, "अहो, जाऊ नका."

"कुठे?"

"पुलावर. मी तेव्हा जा म्हटलं ते खरं नव्हतं. म्हणजे खरं होतं. तेव्हा खरं होतं. आता नाही. डबे कसेही लावा. टॉवेल घ्या. पण घरी राहा. मला तुमच्याशिवाय इथे करमणार नाही."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. लग्नात बोलले नव्हते. हे चाळणी हातात धरून उभे, पाणी पायावर गळतंय. मग म्हणाले, "बरं."

बरं! महिनाभर माझ्या जिवाची घालमेल, आणि हे 'बरं'! मी म्हटलं, "त्यांना कळवायला हवं ना? आज शेवटचा दिवस आहे."

"कळवतो. आधी पास्ता चिकटेल."

मला आधी वाढलं, मधला डाव. आणि जेवताना एकदम, कुठलं काही नसताना, म्हणाले, "पाय जरा भाजलाय माझा." मलम लावून दिलं. नंतर बाहेरच्या खोलीत बघते तर हे स्टुलावर चढून बॅग माळ्यावर टाकत होते, चक्क शीळ घालत.

२ मे

संध्याकाळी घरच्या फोनवर अनोळखी आवाज. "साहेब आहेत का? पुलावरून बोलतोय. त्यांना विचारलं होतं त्या जागेवर मीच आहे, जरा एक सल्ला हवा होता." मी म्हटलं, लगेच रुजू झालात तुम्ही. परवाच तर त्यांनी नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "परवा? नाही हो बाई, मी मार्चपासून आहे इथे. साहेबांना विचारलं त्याच संध्याकाळी त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं."

त्याच संध्याकाळी! मी "जा की" म्हटल्यावर! एक कांदा चिरायच्या आधी! मी विचारलं, आणि एप्रिलअखेरची मुदत? तर म्हणे कसली मुदत. ती ह्यांनीच काढलेली, आणि दिली होती मला.

ह्यांना हाक मारून फोन दिला. हे तो घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, अर्धा तास बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "राँग नंबर होता."

मी म्हटलं, "असेल."